जालन्यात गाडीची पॉवर खरंच वाढते का? इंजिनात जाणारी हवा मोजायची कशी?

"फक्त एअर फिल्टर बदला आणि 10 टक्के पॉवर वाढवा." असं सांगणारं एखादं रील तुम्हीही पाहिलं असेल. गाडीचा डबा काढून शंकूसारखा उघडा फिल्टर बसवतात, ॲक्सिलरेटर दाबला की जोरदार आवाज येतो आणि खाली कमेंटमध्ये "भावा, लिंक दे" सुरू होतं.

आता प्रश्न असा आहे की यात तथ्य किती? इंजिनाला जास्त हवा मिळाली की ताकद वाढते, हे खरं. पण तुमच्या गाडीत हवा मुळात अडते का आणि अडत असेल तर किती, हे मोजल्याशिवाय पैसे घालण्यात अर्थ नाही. चांगली गोष्ट म्हणजे हे मोजणं अवघड नाही. जालना, अंबड, परतूर किंवा भोकरदनला बसूनही ते जमतं.

नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिन म्हणजे काय?

टर्बो असलेल्या इंजिनात हवा पंख्याने दाबून भरली जाते. नॅचरली ॲस्पिरेटेड म्हणजे साध्या इंजिनात असा पंखा नसतो. पिस्टन खाली सरकतो, सिलिंडरमध्ये दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आपोआप आत येते. म्हणजे हवा आत ढकलण्याचं काम फक्त वातावरणाचा दाब करतो. बहुतेक बाइक, साध्या पेट्रोल कार आणि शेतातले बरेचसे ट्रॅक्टर याच प्रकारात येतात.

इथेच या इंजिनाची मर्यादा ठरते. वाटेतले सगळे अडथळे काढले तरी वातावरणात जेवढा दाब आहे, साधारण तेवढ्यावरच काम भागवावं लागतं.

इंजिन किती हवा ओढतं?

हिशेब सोपा आहे. फोर स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीएवढी हवा ओढतं. 1,197 सीसीची कार 6,000 आरपीएमवर असेल तर मिनिटाला सुमारे 3,600 लीटर हवा लागते. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही. तो 85 टक्के भरला असं धरलं तर आकडा 3,050 लीटरच्या आसपास येतो. 200 लीटरचे 15 ड्रम एका मिनिटात रिकामे करण्यासारखं हे आहे.

सिलिंडर किती टक्के भरला, या आकड्याला व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी म्हणतात. हवेचा मार्ग सुधारण्याची सगळी खटपट हा आकडा वाढवण्यासाठीच असते.

जालन्यात सुरुवातच थोड्या तोट्याने होते

समुद्रसपाटीला हवेचा दाब सरासरी 101.3 किलोपास्कल असतो. जालना शहर सुमारे 500 मीटर उंचीवर आहे. इथे तो साधारण 95.5 किलोपास्कल भरतो, म्हणजे जवळपास 6 टक्के कमी. मुंबईत 90 पीएस देणारं साधं इंजिन तेवढ्याच तापमानाला जालन्यात 85 पीएसच्या आसपास देतं. यात गाडीचा किंवा फिल्टरचा दोष नाही. हा पठाराचा हिशेब आहे.

दुसरा तोटा उन्हाचा. हवा तापली की विरळ होते. 30 अंशांवरून पारा 42 वर गेला की त्याच दाबाची हवा सुमारे 4 टक्के विरळ होते. बॉनेटखालची 60 अंशांची हवा ओढली तर आणखी 5 टक्के जातात. ताकद अगदी तेवढीच घटत नाही, कारण हवा आत जाताना गरम धातूला लागून नाहीतरी तापतेच. पण गरम हवेने पेट्रोल इंजिनात नॉकिंगचा धोका वाढतो. ते टाळायला गाडीचा कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे घेतो आणि ताकद अजून उतरते.

लक्षात ठेवायचा एकच आकडा: 10 सेंटिमीटर पाणी

हवेतला अडथळा पाण्याच्या उंचीत मोजतात. 10 सेंटिमीटर उंच पाण्याचा दाब जवळपास 1 किलोपास्कल होतो. जालन्यातला वातावरणाचा दाब 95 किलोपास्कलच्या आसपास आहे. म्हणून ढोबळ नियम असा:

10 सेंटिमीटर पाण्याएवढा अडथळा = सुमारे 1 टक्का ताकद.

समजा मोजल्यावर पूर्ण ॲक्सिलरेटरला अडथळा 20 सेंटिमीटर निघाला. तो शून्यावर आणला तरी 90 पीएसच्या गाडीला 2 पीएसपेक्षा फारसं काही मिळणार नाही. आणि शून्यावर तो कधीच येत नाही, कारण फिल्टर आणि पाइप असणारच. रीलमधला 10 टक्क्यांचा दावा खरा ठरायला आधी 100 सेंटिमीटर अडथळा असायला हवा. फिल्टर पार चोंदला असेल तरच असं होतं आणि त्यावर उपाय म्हणजे कंपनीचाच नवा फिल्टर.

चाचणी 1: कारसाठी ओबीडी स्कॅनर

स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला लागणारा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलमधलं ॲप, एवढंच लागतं. ज्या गाड्यांत मॅप सेन्सर असतो, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर, त्यांच्यासाठी ही पद्धत आहे.

1. किल्ली ऑन करा, इंजिन सुरू करू नका. आता दिसणारा आकडा बाहेरच्या हवेचा दाब आहे. जालन्यात तो 95 च्या आसपास दिसायला हवा.
2. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि आरपीएम वरपर्यंत जाऊ द्या. ॲपला नोंद करायला लावा.
3. वरच्या आरपीएमवरचा आकडा पहिल्या आकड्यातून वजा करा.

95 मधून 92 गेले तर 3 किलोपास्कल, म्हणजे फिल्टर, पाइप आणि थ्रॉटल बॉडी मिळून सुमारे 3 टक्के तोटा. मग फिल्टर बदलून हीच चाचणी पुन्हा करा. प्रत्येक फिल्टरवर किमान तीनदा, त्याच रस्त्यावर आणि साधारण त्याच तापमानाला. ॲप सहसा 1 किलोपास्कलच्या पायरीने आकडा दाखवतं. त्याहून कमी फरक यात दिसणार नाही.

चालवणाऱ्याने मोबाइलकडे पाहू नये, सोबत दुसरा माणूस हवा. वेगमर्यादा पाळा. समृद्धी महामार्ग सरळ आणि मोकळा दिसतो म्हणून तिथे हे प्रयोग करू नका. डायनो मिळाला तर सगळ्यात उत्तम.

चाचणी 2: ट्रॅक्टरसाठी पाण्याची नळी

पारदर्शक प्लास्टिकची नळी फळीवर इंग्रजी यू आकारात बसवायची आणि अर्धी रंगीत पाण्याने भरायची. एक टोक उघडं ठेवायचं, दुसरं फिल्टर आणि इंजिन यांच्या मधल्या छिद्राला जोडायचं. कोरडा फिल्टर असलेल्या अनेक ट्रॅक्टरांवर लाल पट्टी दाखवणारा इंडिकेटर असतो. तो काढला की हे छिद्र तयारच मिळतं.

इंजिन पूर्ण आरपीएमवर नेलं की एका बाजूचं पाणी वर चढतं. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक म्हणजे अडथळा. नळीच्या दोन्ही बाजू किमान एक मीटर उंच ठेवा आणि मध्ये एक रिकामी बाटली जोडा, नाहीतर पाणी थेट इंजिनात ओढलं जाईल. डिझेल इंजिनांसाठी साधारण 25 इंच, म्हणजे सुमारे 63 सेंटिमीटर ही फिल्टर बदलण्याची नेहमीची मर्यादा मानतात. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहा.

डिझेलबद्दल एक गोष्ट वेगळी आहे. साध्या डिझेल इंजिनात ताकद पंपातून येणाऱ्या डिझेलवर ठरते आणि हवा गरजेपेक्षा जास्तच असते. त्यामुळे फिल्टर स्वच्छ असताना आणखी हवा दिली तरी ताकद वाढत नाही. हवा कमी पडली मात्र लगेच काळा धूर येतो, इंजिन तापतं आणि डिझेल वाया जातं. रोटाव्हेटरला ट्रॅक्टर दमतोय असं वाटलं तर आधी फिल्टर पाहावा, पंपाला हात नंतर लावावा.

चाचणी 3: आत जाणारी हवा किती तापते?

त्याच ओबीडी ॲपमध्ये इनटेक एअर टेम्परेचर दिसतं. गाडी चालत असताना ते बाहेरच्या तापमानापेक्षा 5 ते 10 अंशांनी जास्त असेल तर ठीक. 25-30 अंशांनी जास्त असेल तर हवा बॉनेटखालून ओढली जातेय. पुढच्या जाळीकडून येणारा पाइप निसटला किंवा फाटला असेल तर तो बसवून घ्या. उघड्या फिल्टरचा हाच घोळ असतो: अडथळा 1 टक्क्याने कमी होतो, पण गरम हवेपायी त्याहून जास्त नुकसान होतं.

मग डबा कशासाठी असतो?

फिल्टरचा डबा आणि त्याला जोडलेला फुगीर भाग फक्त आवाज कमी करायला नसतो. व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद होतो तेव्हा पाइपमधल्या हवेत दाबाच्या लाटा तयार होतात. पाइपची लांबी नेमकी असेल तर ही लाट व्हॉल्व्ह बंद होण्याआधी परत येते आणि थोडी जास्त हवा आत ढकलते. रेसिंग इंजिनात सिलिंडर 100 टक्क्यांहून जास्त भरतो, तो याच युक्तीने. कंपनीने ही लांबी तुमच्या रोजच्या आरपीएमसाठी जुळवलेली असते. डबा काढला की वरच्या आरपीएमवर थोडं मिळू शकतं आणि मधल्या आरपीएमवर जाऊ शकतं. गावात गाडी मधल्या आरपीएमवरच चालते.

कार्ब्युरेटरच्या जुन्या बाइकला आणखी एक अडचण येते. डबा उघडला की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते, इंजिन तापतं आणि जेट बदलावा लागतो.

खरी पॉवर अडते कुठे?

बऱ्याचदा हेडमध्ये. व्हॉल्व्ह आणि पोर्ट ही सगळ्यात अरुंद जागा असते. ती तपासायला फ्लो बेंच वापरतात. हेड मशीनवर ठेवून ठरलेल्या दाबाला, बहुधा 28 इंच पाण्याला, हवा ओढतात आणि व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडत प्रत्येक टप्प्यावर किती हवा गेली ते लिहून ठेवतात. मग पोर्ट घासून पुन्हा मोजतात. काम खर्चिक आहे आणि त्यानंतर इंजिनाचं ट्युनिंगही बदलावं लागतं.

डायनोवरच्या आकड्यांबाबतही सावध राहा. हवामानाचा फरक काढून टाकायला आकडा ठरलेल्या परिस्थितीला आणून सांगतात. अमेरिकेच्या एसएई जे1349 या मानकात ती 25 अंश आणि 99 किलोपास्कल आहे. सकाळचा आणि दुपारचा आकडा असं समायोजन न करता शेजारी ठेवला तर न केलेली पॉवरही वाढलेली दिसते.

जालन्यात सगळ्यात महाग पडते ती धूळ

2,500 सीसीचा ट्रॅक्टर 2,000 आरपीएमवर आठ तास चालला तर तो सुमारे 1,000 घनमीटर हवा ओढतो. शेतातल्या हवेत घनमीटरमागे 0.1 ग्रॅम धूळ धरली तर फिल्टरपुढे दिवसाला 100 ग्रॅम धूळ येते. 99.9 टक्के धूळ अडवणारा फिल्टर त्यातली 0.1 ग्रॅम आत सोडतो. 97 टक्के अडवणारा 3 ग्रॅम सोडतो, म्हणजे 30 पट. दिसायला दोन्ही फिल्टर चांगलेच वाटतात.

आत गेलेली धूळ ऑइलमध्ये मिसळते आणि रिंगा, लायनर घासते. मग कॉम्प्रेशन उतरतं, ऑइल जळायला लागतं आणि शेवटी रिबोअरचं काम निघतं. 1 टक्का पॉवरसाठी घेतलेला फिल्टर असा महाग पडतो. म्हणून फिल्टर घेताना आयएसओ 5011 या चाचणीचा निकाल विचारा. त्यात हवेचा अडथळा, धूळ अडवण्याची टक्केवारी आणि धूळ साठवण्याची क्षमता, तिन्ही मोजतात. विक्रेता फक्त हवेचा आकडा सांगत असेल तर अर्धीच माहिती मिळाली असं समजा.

कागदी फिल्टरला जवळून जोरात हवा मारू नका, कागदाला बारीक छिद्रं पडतात. ऑइल बाथ फिल्टर असेल तर ऑइल खुणेपर्यंतच भरा आणि गाळ साचला की बदला.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं. कलम 182अ(4) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी असेल तर तीही अडचणीत येऊ शकते.

थोडक्यात, हा क्रम ठेवा

- आधी फिल्टर पाहा. चोंदला असेल तर कंपनीचा नवा घाला.
- हवेचा पाइप, क्लिपा आणि रबर तपासा. फिल्टरनंतर चीर असेल तर न गाळलेली हवा थेट आत जाते.
- आत जाणाऱ्या हवेचं तापमान पाहा.
- मग अडथळा मोजा. 10-20 सेंटिमीटर पाण्याच्या आत असेल तर फिल्टरवर आणखी खर्च करू नका.
- त्याहून जास्त असेल तर तो फिल्टरमध्ये, पाइपमध्ये की थ्रॉटल बॉडीत आहे ते एकेक करून शोधा.

उघड्या फिल्टरने आवाज नक्की वाढतो आणि आवाज वाढला की गाडी पळतेय असं वाटतं. पॉवर वाढली की नाही, ते नळीतल्या पाण्यालाच विचारावं.