संगणकावरील कचरापेटीचा इतिहास: हटवलेली फाइल उघडत का नाही?

प्रस्तावना

डेस्कटॉपच्या कचरापेटीतील फाइल दिसते, पण सहसा उघडत नाही. मॅकवर ‘ही फाइल कचरापेटीत असल्याने उघडता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. विंडोजमध्ये दोनदा क्लिक केल्यास मजकुराऐवजी फाइलची माहिती देणारी चौकट उघडते. हा दोष नसून जाणीवपूर्वक घातलेले बंधन आहे. ते समजण्यासाठी कचरापेटीचा इतिहास पाहू.

१. पेटीपूर्वीचा काळ

युनिक्समधील ‘आरएम’ ही आज्ञा निर्देशिकेतून फाइलचे नाव काढून टाकते. परतीची सोय तिच्यात नाही. एमएस-डॉसमध्ये नोंदीतील नावाच्या पहिल्या अक्षराजागी ‘ई५’ ही षोडशमान संख्या लिहिली जाई आणि फाइलची जागा मोकळी समजली जाई. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तसाच राही. १९९१ च्या डॉस ५ मधील ‘अनडिलीट’ आज्ञा याचाच फायदा घेई; म्हणूनच ती वापरकर्त्याला हरवलेले पहिले अक्षर विचारी. फाइल परत मिळणे मात्र बेभरवशाचे होते.

२. ॲपल: दोन टप्प्यांचे हटवणे

१९८३ च्या लिसा आणि १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकांत पडद्यावर कचरापेटीचे चित्र होते. हटवण्याचे आता दोन टप्पे झाले: पेटीत टाकणे आणि पेटी रिकामी करणे. मात्र सुरुवातीच्या मॅकवर संगणक बंद केला की पेटी आपोआप रिकामी होई. १९९१ च्या सिस्टिम ७ पासून वापरकर्ता सांगेपर्यंत फाइली पेटीत राहू लागल्या.

३. विंडोज आणि लिनक्स

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर ‘रीसायकल बिन’ आले. फाइल एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ‘डीसी१’ यांसारख्या नव्या नावाने ठेवली जाई. मूळ नाव व मार्ग वेगळ्या नोंदफाइलमध्ये असे.

लिनक्सवरील निरनिराळ्या डेस्कटॉपांसाठी २००४ मध्ये फ्रीडेस्कटॉप प्रकल्पातून एक सामायिक नियमावली पुढे आली. तीत ‘फाइल्स’ व ‘इन्फो’ असे दोन उपफोल्डर आहेत. पहिल्यात प्रत्यक्ष फाइल, दुसऱ्यात तिचा मूळ मार्ग व हटवल्याची वेळ.

४. बंधन कशासाठी?

समजा, प्रकल्प अहवाल पेटीतूनच उघडला, दोन तास दुरुस्त्या केल्या आणि ‘सेव्ह’ केले. नवे काम पेटीतच साठेल आणि पेटी रिकामी होताच नष्ट होईल. त्यामुळे ‘आधी परत आणा, मग उघडा’ हा क्रम सक्तीचा केला गेला. आज मॅकवर पेटीतील फाइलचे पूर्वदर्शन घेता येते, कारण नुसते पाहण्याने काही हरवत नाही. धोका संपादनात आहे.

समारोप

बंधन फाइल व्यवस्थापकाच्या खिडकीवर आहे, फाइलवर नाही. लिनक्सवर टर्मिनलमधून पूर्ण मार्ग दिल्यास पेटीतील फाइल नेहमीसारखी वाचता येते. म्हणून प्रयोगशाळेच्या सामायिक खात्यात फाइल पेटीत टाकली म्हणजे ती इतरांपासून लपली, असे समजू नये. पेटी चुकून हटवण्यापासून वाचवते. गुप्तता राखणे हे तिचे काम नाही.

विचारासाठी प्रश्न: कचरापेटी ही फाइलची जागा आहे की फाइलची अवस्था? वरील उदाहरणांच्या आधारे उत्तर द्या.