बॅटरी व्यवस्थापन प्रणाली : बेरजेत न दिसणारा सेल

विजेवर चालणाऱ्या दुचाकीची बॅटरी बाहेरून एकसंध पेटी दिसते. आत मात्र लिथियम-आयन सेलांची साखळी असते. ‘४८ व्होल्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पेटीत बहुधा सेलांचे १३ गट एकसर जोडलेले असतात. प्रत्येक गट ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. म्हणजे भरलेली पेटी ५४.६ व्होल्टची. साध्या चार्जरला दिसते ती एवढीच बेरीज. १२ गट ४.१८५ व्होल्टवर थांबले आणि तेरावा ४.३८ वर चढला, तरी बेरीज तीच येते. धोका मात्र त्या तेराव्या गटात साठत जातो. म्हणून बॅटरी व्यवस्थापन प्रणालीच्या, अर्थात बीएमएसच्या, रचनेचा पाया म्हणजे प्रत्येक गटाच्या विद्युतदाबाची स्वतंत्र मोजणी.

त्यासाठी प्रत्येक सांध्यापासून एक बारीक तार सर्किट बोर्डावर आणलेली असते. ही तार तुटली किंवा सांधा गंजला, तर चुकीचा आकडा खरा मानला जाण्याची भीती असते. तुटलेली तार ओळखण्याची सोय रचनेतच हवी. समुद्रकाठच्या दमट, खाऱ्या हवेत हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही.

दाब, प्रवाह किंवा तापमान मर्यादेबाहेर गेल्यास मॉस्फेट हे इलेक्ट्रॉनिक स्विच मार्ग तोडतात. येथे खालची मर्यादाही वरच्या मर्यादेइतकीच महत्त्वाची ठरते. सेल अतिरिक्त रिता झाला, की त्यातील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि नंतरच्या चार्जिंगमध्ये आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते. असा सेल पुन्हा भरण्यास चांगली प्रणाली नकारच देते.

गटांमधील तफावत मिटवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे अधिक भरलेल्या गटाची वीज रोधकातून उष्णतेच्या रूपाने घालवणे. ३० अँपिअर-तासांच्या पेटीत एक गट २ टक्के पुढे असेल, तर १०० मिलिअँपिअरच्या गतीने समतोल साधण्यास ६ तास लागतात. हे काम बहुधा चार्जिंगच्या अखेरीस होत असल्याने, घाईने चार्जर काढणाऱ्याच्या पेटीत तफावत साचत राहते.

लिथियम-लोह-फॉस्फेट सेलांत अडचण निराळी. चार्जच्या मोठ्या पट्ट्यात त्यांचा दाब जवळपास स्थिर राहतो. केवळ दाबावरून किती चार्ज उरला हे सांगता येत नाही. आत-बाहेर गेलेल्या प्रवाहाचा हिशेब ठेवावा लागतो, आणि त्यातील चूक पूर्ण चार्जिंगच्या वेळी दुरुस्त करावी लागते.

२०२२ मधील ई-स्कूटरच्या आगींनंतर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एआयएस-१५६ या मानकाच्या अटी कडक केल्या. त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्यांत बीएमएसबरोबरच पेटीच्या रचनेचाही विचार आहे, आणि ते योग्यच. कारण निर्मितीतील दोषामुळे सेलच्या पोटात शॉर्ट सर्किट झाले, तर बाहेरचा कोणताही स्विच ते थांबवू शकत नाही. एका सेलची आग शेजारच्या सेलपर्यंत न पोहोचू देणे हे पेटीच्या बांधणीचे काम.

गाडी वारंवार बंद पडते म्हणून बीएमएस वगळून थेट जोडणी करून देण्याचा ‘उपाय’ मात्र घातक आहे. गाडी धावू लागते. दुबळा गट तसाच राहतो, फक्त त्याच्यावरची नजर निघून जाते.