नाग पाळणे, नाग धरणे आणि नागाकडे जाणे

तुमसरनजीकचा आंबागड हा सातपुड्याच्या दक्षिणेकडील एका टेकडीवर उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या अमदानीत, सुमारे १७०० साली, राजाखान पठाण याने तो बांधला आणि पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंगासारखा उपयोग केला, हे सर्वश्रुत आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र हा किल्ला नसून त्याच्या परिसरातील माणसाचा एक जुना शेजारी, म्हणजे साप, हा आहे. मागे जंगल, पुढे धानाच्या बांध्या आणि मध्ये मातीची घरे अशी जेथे रचना आहे, तेथे सापाची गाठ पडणे हा अपवाद नसून पावसाळ्याचा नियमच होय.

अशा सहवासातून महाराष्ट्रात सापाविषयी जे व्यवहार रूढ झाले, त्यांना आपण ढोबळपणे ‘नागपूजा’ या एकाच नावाखाली घालतो. वस्तुतः त्यांत तीन निरनिराळे संबंध दिसतात : नाग पाळणे, नाग धरून सोडून देणे, आणि नागाच्या स्थानी आपण जाणे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने यांपैकी पहिल्या दोहोंतील भेद पुसून टाकला. तो भेद का जपावा, हे दाखविणे एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम पाळण्याचा विचार करू. गारुड्याच्या टोपलीतील नाग हा खऱ्या अर्थाने पाळलेला नाग. तो उपजीविकेचे साधन असल्यामुळे दीर्घकाळ जवळ ठेवावा लागे, आणि त्यासाठी त्याचे विषदंत बहुधा मोडले जात. नागपंचमीला त्याच्यापुढे ठेवलेले दूध तो पिताना दिसे, याचे कारण त्यास अगोदर तहानलेला ठेवलेला असे. दूध हे सापाचे अन्न नव्हे. पुंगीच्या नादावर तो डोलतो असा समज असला तरी सापास बाह्यकर्ण नाहीत. त्याची नजर पुंगीच्या हालचालीवर खिळलेली असते. म्हणजे ज्या सापाचे दर्शन गावोगावच्या लोकांना सर्वांत जवळून घडले, त्यानेच सापाविषयीचे भ्रम दृढ केले, असे म्हणणे भाग आहे.

बत्तीस शिराळ्याची परंपरा याहून वेगळी आहे. सांगली जिल्ह्यातील या गावी नागपंचमीच्या अगोदर काही दिवस शेताबांधांवरील जिवंत नाग धरले जात, मडक्यांत ठेवले जात, त्यांची पूजा होई, आणि सण झाल्यावर जेथून आणले तेथे ते परत सोडले जात. या प्रथेचा उगम लोककथा गोरखनाथांशी जोडते. येथे नाग पाहुणा होता, मालकीची वस्तू नव्हे. त्याचे दात मोडण्याचे कारण नव्हते. बीळ ओळखणे, खणताना नागास इजा न होऊ देणे, न दुखविता त्यास हाताळणे, हे ज्ञान घराण्यांतून व मंडळांतून चालत आले. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या उत्सवाचे रूप पालटले. वाहनांवरून मिरवणुका निघू लागल्या. सर्वांत लांब नाग कोणाचा, सर्वांत उंच फणा कोणाची, यांच्या स्पर्धा लागल्या. पाहुण्याचे प्रदर्शन झाले.

या दोन्ही परंपरांच्या जोडीला राज्यसत्तेचाही एक संबंध होता, तो म्हणजे मारण्याचा. डॉ. जोसेफ फेरर यांनी १८६९ सालच्या सर्पदंशमृत्यूंची माहिती मागविली, तेव्हा ११,४१६ मृत्यूंची नोंद हाती आली. सापांच्या शिरावर बक्षीस लावण्याचे धोरण मात्र त्याहूनही जुने आहे. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशासाठी बक्षीस असताना काही वर्षे दरसाल सरासरी दोन लाखांहून अधिक फुरशी मारून आणली जात. डिसेंबर १८६२ मध्ये तर थोड्याच दिवसांत लाखाहून अधिक फुरशी जमा झाली. एवढा संहार होऊनही फुरसे कोकणातून नाहीसे झाले नाही. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेत प्रतिविषाच्या निर्मितीसाठी साप ठेवले जाऊ लागले, तेव्हा शासनाच्या लेखी मेलेल्या सापापेक्षा जिवंत सापाची किंमत वाढली.

१९७२ चा कायदा हे या बदलाचे पुढचे पाऊल होय. त्यातील ‘शिकार’ या संज्ञेत मारण्याबरोबर पकडण्याचाही अंतर्भाव आहे. त्यामुळे दात मोडणारा गारुडी आणि नाग परत सोडणारा शिराळकर हे दोघेही एकाच व्याख्येत आले. शिराळ्याच्या प्रथेविरुद्ध २००२ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. २०१४ च्या सुमारास कायद्याची अंमलबजावणी कठोर होऊन जिवंत नागांची पूजा व मिरवणूक थांबली आणि प्रतिमांचे पूजन सुरू झाले. २०२२ च्या दुरुस्तीने नाग पहिल्या अनुसूचीत गेला. मात्र याच कायद्यात शिक्षण, संशोधन आणि औषधासाठी विष मिळविणे यांकरिता परवानगीची वाट ठेवलेली आहे. तमिळनाडूत १९७८ साली स्थापन झालेली इरुळा सर्पमित्रांची सहकारी संस्था याच वाटेने चालली : साप धरावा, विष काढावे, आणि त्यास पुन्हा रानात सोडावे. शिराळ्यासही २०२५ साली केंद्र शासनाने पारंपरिक ज्ञानाच्या शिक्षणासाठी २१ नाग धरण्याची परवानगी दिली. करमणूक व स्पर्धा यांना मात्र मज्जाव कायम ठेवला. धरण्याचे ज्ञान आणि धरल्याचे प्रदर्शन या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे यातून प्रथमच मान्य झाले.

तिसऱ्या संबंधासाठी पुन्हा आंबागडाच्या परिसराकडे वळले पाहिजे. विदर्भातील भाविक श्रावणात सातपुडा चढून पचमढीजवळच्या नागद्वारास जातात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा मुंबई राज्यात आणि पचमढी मध्य प्रदेशात गेली. यात्रा मात्र अखंड राहिली. आज हा मार्ग व्याघ्र प्रकल्पाच्या रानातून जातो व यात्रेच्या दिवसांतच खुला होतो. येथे नाग गावात आणला जात नाही. माणूस त्याच्या डोंगरात जातो. वाटेत साप दिसल्यास त्यास वाट द्यावी, हा यात्रेचा शिष्टाचार. घरोघरच्या नागपंचमीचाही आशय हाच आहे : भिंतीवर नाग काढावा, परंतु त्या दिवशी नांगर धरू नये, जमीन खणू नये. पूजा चित्राची, आणि बिळास मात्र अभय. भंडारा जिल्ह्यातच पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात मुचलिंद नागाचे शिल्प मिळाले. रिकाम्या आसनावर छत्र धरणारा तो नागही कोणी धरून आणलेला नाही. तो आपल्या ठिकाणी राहूनच रक्षण करतो.

हा भेद केवळ शास्त्रार्थाचा नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असावीत, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे वर्षास सुमारे अठ्ठावन्न हजार. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतील. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ओळखणे, त्यांच्यापासून दूर राहणे, आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता रुग्णालय गाठणे, हे ज्ञान बांधीत उतरणाऱ्या शेतकऱ्यास हवे आहे. टोपलीतल्या नागाने ते कधी दिले नाही. शिराळ्याच्या जाणकारांपाशी त्याचा काही अंश आहे, आणि तो प्रदर्शनाबरोबर बुडू देणे योग्य होणार नाही. परंतु ज्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही आणि ज्यात ना सापास इजा ना माणसास, असा संबंध पूर्व विदर्भाच्या आचारात आजही जिवंत आहे. सापास त्याची जागा सोडावी, हा त्या आचाराचा अर्थ होय.