हमदर्द

विठ्ठलवाडीकडे माझ्या वर्गात मुलांचे भांडण जुंपले की एक टोमणा ठरलेला, "याला ठाण्याला पाठवा!" ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 सालचे. शतक उलटले, तरी त्याचे नाव चिडवण्यासाठीच घेतले जाते.

मग मी फळ्यावर 'हमदर्द' लिहितो. हम म्हणजे सोबतचा, दर्द म्हणजे दुःख. ज्याने तेच दुःख सोसले, तो खरा हमदर्द.

ही गोष्ट वैद्यकातही जुनी आहे. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात जाँ-बाप्तिस्त प्यूसाँ गंडमाळेचा रुग्ण म्हणून आला, बरा झाला आणि तिथेच वेड्यांच्या विभागाचा कारभारी बनला. सेवक म्हणून तो बरे झालेले रुग्णच नेमी. 1797 मध्ये त्याने रुग्णांच्या साखळ्या काढल्या. आपल्याकडे 1986 साली पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तिथे व्यसनातून सुटलेलेच नव्यांचा हात धरू लागले. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत तर मानसिक आजारातून सावरलेले सोबती आज पगारावर असतात.

आणि आपण? 2001 मध्ये तमिळनाडूत एरवाडी दर्ग्याजवळच्या खासगी आसऱ्याला आग लागून 28 मनोरुग्ण दगावले. बहुतेकांना साखळीने बांधले होते. 2017 च्या कायद्याने साखळीला बंदी घातली.

दुआ जरूर मागावी, इलाजही करावा. आपल्या मोहल्ल्यातही बरे झालेले लोक आहेत. ते गप्प आहेत, कारण 'ठाण्याला' म्हटले की आपण हसतो. आधी ते हसणे थांबवू या.