डुकरांच्या खाद्यातलं कोडं

आईला बी-१२ची गोळी देताना मला अमेरिकेतली डुकरं आठवतात. हसू नका, सांगतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोच्या कत्तलखान्यांत उरलेलं मांस शिजवून, वाळवून, दळून डुकरांना घालत. मक्यात लायसिन कमी. ते या भुकटीतून मिळे. पण लायसिन तर सोयापेंडीतही भरपूर! तरी नुसत्या मका-सोयावर पिल्लं खुरटायची. मग भुकटीत आणखी काय होतं? शास्त्रज्ञ त्याला ‘प्राणिज प्रथिन घटक’ म्हणू लागले.

१९४८मध्ये बी-१२ जीवनसत्त्व वेगळं काढलं गेलं आणि कोडं बरंचसं सुटलं. तो घटक प्रथिन नव्हताच! शिवाय बी-१२ मुळात बनवतात जिवाणू. कारखान्यात जिवाणू वाढवून ते मिळू लागलं, आणि डुकरांचं मांसभुकटीवाचून भागू लागलं.

आमच्या शाकाहारी आईचंही तसंच भागतंय.