चांदोरचें भाटकाराचें घर

गोव्यांतील सासष्टी तालुक्यांत चांदोर नांवाचा गांव आहे. कदंब राजांच्या काळीं चंद्रपूर या नांवानें येथें राजधानी नांदत होती. आज या गांवाची ओळख सांगतें तें चर्चजवळच्या चौकाची एक बाजू व्यापून राहिलेलें मिनेझिस ब्रागांझा घराण्याचें दुमजली घर.

इतिहास किल्ल्यांत व राजवाड्यांतच सांपडतो, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील ख्रिस्ती भाटकारानें आपला संसार कसा थाटला, हें समजण्यास असें घर आंतून पाहणें अधिक उपयोगी होय.

आंत जातांच इटालियन संगमरवराची फरशी, बेल्जमची बिलोरी झुंबरें आणि चिनी मातीचीं भांडीं दृष्टीस पडतात. नृत्यासाठीं बांधलेलें विशाल दालन आहे. पूर्वेकडील भागाच्या प्रार्थनागृहांत संत फ्रान्सिस झेवियर यांचें म्हणून मानलेलें नख भक्तिभावानें जपलें आहे. पश्चिमेकडील भागांत लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांचा मोठा ग्रंथसंग्रह आहे. याच भाटकार कुळांतील या पुरुषानें १९३० सालीं गोव्याच्या विधिमंडळांत पोर्तुगालच्या वसाहत कायद्याविरुद्ध स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां प्रश्न असा कीं, हें वैभव आलें कोठून? झुंबर परदेशाहून आलें, तरी त्याची किंमत गांवच्या मातींतून निघाली. अशीं घरें भातशेतीच्या खंडावर व नारळाच्या बागायतीवर उभीं राहिलीं. भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारा मुंडकार त्याच्या मालमत्तेची राखण करी, हांक येतांच कामास धांवे. परंतु ज्या जागेवर तो पिढ्यान्‌पिढ्या राहिला, ती जागा त्याची नव्हती. १९६१ सालीं पोर्तुगीज सत्ता गेली. पुढें १९६४ च्या कूळ कायद्यानें कुळांना व १९७५ च्या मुंडकार कायद्यानें मुंडकारांना संरक्षण मिळालें. हा न्याय झाला. मात्र त्याबरोबरच मोठ्या घरांचा जुना उत्पन्नाचा आधारही आटला, आणि कौलें बदलणें, वाळवीपासून तुळया वांचविणें हें वारसांच्या शिरावर ओझें होऊन बसलें.

म्हणून अशा घरांची नोंद वेळींच झाली पाहिजे, आणि ती पुरी झाली पाहिजे. दालनांचीं मापें घ्यावीं, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या मोजाव्या, प्रत्येक खुर्ची व पेटी कोठली तें लिहावें. त्याच वहींत भाताचें कोठार, स्वयंपाकघर, विहीर व मागील दार यांसही जागा द्यावी. त्या दारानें ज्यांची ये-जा होती त्यांचीं नांवें, जीं अद्याप वृद्धांच्या स्मरणांत आहेत, तींही टिपून ठेवावीं. दिवाणखान्याची तेवढी नोंद झाली, तर ती धनिकाची यादी होईल. कोठाराची जोड मिळाली, तरच ती गांवाचा इतिहास ठरेल.