बोरघाटाचा कातळ आणि तो फोडणारे हात

कोकणातून पाहता सह्याद्री डोंगरांची रांग वाटतो. वस्तुतः ती दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडील तुटलेली कड होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला आणि त्यावर पुन्हा नवा लाव्हा पसरला. त्यांतील टणक थर उभे कडे होऊन राहिले. पोकळ्यांनी भरलेले मऊ थर झिजून मागे हटले. खंडाळ्याच्या डोंगराला पायऱ्या दिसतात त्या यामुळे.

मित्रहो, या परिसरातील कातळात माणसाने दोनदा मोठे काम काढले. पहिले घाटमाथ्यावरील कार्ल्याचे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. तेथील ब्राह्मी लेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे. तसेच दार घडविणाऱ्या धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचेही आहे. धनिक आणि कारागीर एकाच दगडावर नोंदले गेले.

दुसरे काम बोरघाटातील लोहमार्गाचे. ते १८५६ मध्ये सुरू झाले. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ आणि पंचवीस बोगदे! डायनामाइट अजून निघाला नव्हता. कड्यावरून दोराने खाली सोडलेली माणसे पहारीने भोके पाडीत आणि त्यांत सुरुंगाची दारू ठाशीत. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर येथे राबत होते. त्यांत बायकाही होत्या. पटकीने आणि तापाने हजारो दगावले. २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचे नाव ग्रंथांत राहिले, आणि ते योग्यच आहे. परंतु दोराला लोंबकळणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कड्यावर कोरले गेले नाही.

त्यांनी हे सारे मुकाट्याने सोसले असेही नव्हे. थकलेल्या मजुरीसाठी १८५९ च्या आरंभी याच घाटात मजूर उठले. कामगार चळवळीची कथा आम्ही कार्यकर्ते सहसा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या १८८४ च्या सभेपासून सांगतो. ती पंचवीस वर्षे मागे नेली पाहिजे. गिरणीच्या भोंग्याआधी या कातळावर पहार वाजली होती, आणि घामाचे दाम मागणारा आवाजही प्रथम येथेच उठला होता, असे आम्ही मानतो.